आधी उशी, मग ताट, मग पेला

गेल्या पंधरवड्यात एकाच पाकिटातून दोन पत्रे आली. पहिले सातारा जिल्ह्यातील एका सदुसष्ट वर्षांच्या निवृत्त गृहस्थांचे. पत्नीच्या निधनाला तीन वर्षे झाली आहेत. रोज सकाळी दीड तास सायकल चालवतात, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन घेतात, रक्तदाबाची एक गोळी आहे. येत्या सप्टेंबरात युरोपात एकट्याने सायकलसहल करावी, वाटेत चांगलेचुंगले खावे आणि नाशिकच्या द्राक्षमळ्यात एकदा चाखलेल्या वाइनची खरी मायभूमी पाहावी, असे त्यांच्या मनात आहे. दुसरे पत्र म्हणजे त्याच पाकिटात घडी करून सरकवलेली चिठ्ठी, त्यांच्या सूनबाईंची. तिच्यात एकच ओळ होती. ‘डॉक्टर, बाबांना कृपया नाही म्हणा, आमचे ते ऐकत नाहीत.’

वाचकहो, मी नाही म्हणणार नाही. सूनबाईंची भीती अनाठायी आहे, असेही मी म्हणणार नाही. हीच सहल मी पासष्टाव्या वर्षी केली आहे. दुखणेही तेच आणि औषधही जवळजवळ तेच होते. तिच्यात एक संध्याकाळ अशी आली की सूनबाईंचे म्हणणे खरे ठरायला फारसे अंतर उरले नव्हते. ती हकिगत सांगणारच आहे, पण आधी रस्त्याची ओळख करून देतो.

एकट्या वृद्ध सायकलस्वाराला युरोपातील कोणता मार्ग सुचवाल, असे कोणी विचारले तर मी डॅन्यूब नदीकाठचे नाव घेतो. जर्मनीतील पासाऊ या गावापासून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नापर्यंतचा हा पट्टा सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा आहे. बहुतेक ठिकाणी मोटारींपासून वेगळी काढलेली डांबरी वाट आहे. नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, त्यामुळे उतार, कळण्याइतका नसला तरी, आपल्या बाजूचा असतो. वाराही बहुधा पश्चिमेचाच, म्हणजे पाठीशी. नदीला बऱ्याच अंतरापर्यंत समांतर रेल्वे आहे, आणि थकलेल्या माणसाला ती सायकलीसह पुढच्या गावी नेऊन सोडते. तरुण मंडळी हे अंतर पाच-सहा दिवसांत कापतात. आपण दहा दिवस धरावेत, त्यात दोन पूर्ण विश्रांतीचे.

आता ती हकिगत. लिंझ शहर सोडल्यानंतरचा रविवार होता. माझा बेत चाळीस किलोमीटरचा होता आणि मुक्कामही ठरलेला होता. सकाळी वारा इतका अनुकूल लागला की दहा वाजताच मी फोन करून तो मुक्काम रद्द केला. जाऊ तेवढे पुढे जाऊ, असे ठरवले. दुपारी एका खाणावळीत वाडगाभर सूप घेतले. शेजारच्या बाकावरील मंडळींकडे पाहून सोडा घातलेल्या पांढऱ्या वाइनचा एक पेलाही घेतला. संध्याकाळी सहापर्यंत साठाच्या वर किलोमीटर झाले होते. एका लहान गावात चौथ्या दाराशी खोली मिळाली, पण घरमालकीणबाईंकडे फक्त सकाळची न्याहारी असे. गावातल्या एकुलत्या एक खाणावळीच्या दारावर ‘रूएटाग’ अशी पाटी होती, म्हणजे साप्ताहिक सुट्टी. रविवार असल्याने किराणा दुकान बंद. पिशवीत एक सफरचंद होते, ते खाल्ले.

सात वाजता खोलीची किल्ली कुलपात जाईना. हात कापत होता, सदरा घामाने भिजला होता, आणि मला वाटले की मी दमलो आहे. रक्तातील साखर उतरल्याची ही लक्षणे तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवलेला मी ‘थोडे पडावे’ म्हणून अंथरुणावर आडवा झालो. न्याहारी किती वाजता हवी हे विचारायला त्या बाई वर आल्या, म्हणून हा स्तंभ आज लिहिला जात आहे. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता पेलाभर द्राक्षरस आणून दिला. मागाहून ब्रेड, लोणी आणि त्यांच्या घरचा जर्दाळूचा मुरंबा आला.

त्या दिवशी चुकीची गोष्ट एक नव्हती, चार होत्या, आणि प्रत्येक स्वतंत्रपणे किरकोळ होती. गोळी सकाळचीच होती, पण दिवसभराच्या श्रमाने स्नायू रक्तातील साखर अधिक वेगाने ओढून घेत होते. व्यायामाचा हा परिणाम सायकल ठेवल्याबरोबर थांबत नाही. तो रात्रभर, कधी दुसऱ्या सकाळपर्यंत टिकतो. पोटात अन्न नव्हते. अशा वेळी यकृताने स्वतः साखर तयार करून तूट भरून काढायची असते. परंतु मद्य आले की यकृत आधी त्याच्या मागे लागते आणि हे काम मागे पडते. दुपारच्या त्या एका पेल्याचा वाटा यात किती होता, हे मी मोजू शकत नाही, पण तो चुकीच्या दिवशी आणि चुकीच्या वेळी घेतला होता यात शंका नाही.

तेव्हापासून माझा नियम उलटा झाला. पाय किती किलोमीटर जातील हे पाहून मुक्काम ठरवायचा नाही. रात्रीची उशी आणि रात्रीचे ताट कोठे मिळेल हे पाहून किलोमीटर ठरवायचे. साताऱ्याच्या गृहस्थांनी नकाशा हाती घेतला की प्रथम गावांवर खुणा कराव्यात, वाटेवर नव्हे. गावाची परीक्षा अशी: तेथे खोली आहे का, त्या खोलीच्या इमारतीतच किंवा दोनशे पावलांवर गरम जेवण आहे का, आणि आपण जाऊ त्या वारी ते चालू आहे का? तिसरा प्रश्न लोक विसरतात. ऑस्ट्रियातील गावोगावच्या खाणावळी आठवड्यातून एक-दोन दिवस बंद असतात आणि प्रत्येकीचा वार वेगळा. खोली राखून ठेवतानाच ‘तुमचा रूएटाग कोणता?’ असे विचारून तो तारखेसमोर लिहून ठेवावा.

‘गास्टहोफ’ म्हणजे खाली खाणावळ आणि वर खोल्या, ही सोय आपल्या वयाला सर्वांत चांगली. जेवून वर जायचे, रस्त्यावर पुन्हा पाऊल टाकायचे नाही. निव्वळ खोली देणारी घरे स्वस्त पडतात, पण तेथे संध्याकाळचा प्रश्न आपल्या अंगावर पडतो. एकट्याला खोली दोघांच्या निम्म्या दरात मिळत नाही, बरीच जास्त पडते. केवळ एका रात्रीसाठी थांबणाऱ्याला काही ठिकाणी वर थोडे शुल्कही असते. या खर्चाबद्दल मन कष्टी करू नये, तो आधीच हिशेबात धरावा. श्ल्योगेनजवळ नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ उलटी फिरते. ते दृश्य अपूर्व आहे, पण त्या अरुंद खोऱ्यात खोल्या मोजक्याच. एक घर भरलेले निघाले तर पुढचे हाकेच्या अंतरावर नसते. पासाऊपासून तेथवरचे अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. तेवढे एका दिवशी झेपणार नसेल तर अलीकडचे गाव आधीच निवडावे.

व्हिसासाठी मुक्कामांचा तपशील आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, तेव्हा हे नियोजन वाया जात नाही. विम्याच्या अर्जात मधुमेह लिहावा. लपवलेला आजार ऐनवेळी पैसे नाकारण्याचे कारण ठरतो. सामान गावोगावी पोचवणाऱ्या सेवा या मार्गावर आहेत, त्या जरूर घ्याव्यात. मात्र औषधे, साखर मोजण्याचे यंत्र आणि डॉक्टरांची मूळ नावांसह लिहिलेली चिठ्ठी त्या सामानात जाता कामा नये. ती अंगावरच्या पिशवीत हवी.

किलोमीटर किती? घरी सलग तीन दिवस जेवढे जमते आणि चौथ्या सकाळी उठून पुन्हा निघावेसे वाटते, त्याचे दोन-तृतीयांश. रोज दीड तास सायकल चालवणे वेगळे आणि रोज चार तास चालवणे वेगळे; दुसऱ्यात गुडघ्याआधी बैठक तक्रार करते. विजेवर साहाय्य करणारी सायकल तेथे भाड्याने सहज मिळते आणि ती घेण्यात कसलाही कमीपणा नाही. आणखी एक सूचना आपल्याकडून गेलेल्यांसाठीच आहे. तेथे वाहतूक उजवीकडून असते. सरळ वाटेवर हे लक्षात राहते. चुकते ते विश्रांतीनंतर पुन्हा निघताना, आणि वर्तुळाकार चौकात. मी हँडलच्या उजव्या मुठीला लाल फीत बांधली होती.

जेवणाकडे वळू. पत्रलेखक अंडी खातात, मांस खात नाहीत. त्यांची उपासमार होणार नाही, पण त्यांनी विचारायला संकोच करू नये. भाज्यांच्या सूपलाही पुष्कळदा गोमांसाचे पाणी वापरलेले असते. चीजमध्ये घोळलेल्या लहान गोळ्यांचा ‘केझेश्पेट्सल’ हा पदार्थ बहुतेक खाणावळींत मिळतो आणि सायकलस्वाराचे पोट भरतो. मात्र काही ठिकाणी त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, तेव्हा तेही विचारावे. दुपारी दोननंतर अनेक स्वयंपाकघरे बंद होतात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पुन्हा उघडतात. आपली ‘चार वाजता काहीतरी खाऊ’ ही सवय तेथे गरम जेवणावर चालत नाही, केकवर चालते. दुकाने शनिवारी संध्याकाळी सहापर्यंतच असतात आणि रविवारी बहुतेक बंद. म्हणून शनिवारी दुपारी ब्रेड, चीज, दही, केळी आणि फळांच्या रसाचे लहान डबे घ्यावेत. नळाचे पाणी निर्धास्तपणे प्यावे, बाटली दर मुक्कामी भरून घ्यावी.

मधुमेह्यांनी एक गोष्ट वेगळी करावी. निघण्यापूर्वी महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना दिवसाचे तास आणि अंतर सांगून श्रमाच्या दिवसांसाठी गोळीची मात्रा ठरवून घ्यावी. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर ती बहुधा कमी करावी लागते. हा निर्णय स्वतः घेऊ नये. डॅपाग्लिफ्लोझिनसारखे औषध चालू असेल तर उपाशीपोटी श्रम, पाणी कमी पडणे आणि मद्य हे त्रिकूट विशेष धोक्याचे आहे, तेही विचारावे. खिशात साखर असावी. हात कापू लागले, घाम फुटला किंवा साध्या गोष्टीत गोंधळ होऊ लागला की आधी थांबायचे, मग तीन चमचे साखर म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम घ्यायची, पंधरा मिनिटांनी यंत्रावर पाहायचे, आणि सावरल्यावर ब्रेडसारखे काही खायचे. आडवे पडायचे नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांना थरथर व धडधड जाणवेलच असे नाही, घाम मात्र जाणवतो.

वाइनविषयी लिहिताना माझ्यातला वैद्य आणि माझ्यातला प्रवासी यांचे एकमत होत नाही, हे आधी कबूल करतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. जो घेत नाही त्याने तेथे जाऊन सुरुवात करण्याचे काही कारण नाही. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने ती पूर्ण वर्ज्य मानावी. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्याने आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज पेला हाती घेऊ नये, कारण सायकलवरून पडण्याचा धोका आणि रक्तस्रावाचा धोका तेथे एकत्र येतात.

हे सारे सांगूनही वाखाऊ खोऱ्यातील संध्याकाळ वगळा, असे माझ्याने लिहवत नाही. मेल्कच्या भव्य मठापासून क्रेम्सपर्यंतचा हा छत्तीस-सदतीस किलोमीटरचा भाग २००० सालापासून जागतिक वारसा आहे. उत्तर तीरावर दगडी बांध घालून रचलेले द्राक्षमळे टेकड्यांवर पायऱ्यांसारखे चढत जातात. मधल्या ड्यूर्नश्टाइन गावावर त्या किल्ल्याचे अवशेष आहेत, जेथे इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२ च्या हिवाळ्यात कैदेत होता. तरुण हा टप्पा एका दुपारी संपवतात. आपण तीन रात्री राहावे.

येथील वाइन पिण्याची रीत मुक्कामाच्या नियोजनाशी जोडलेली आहे. १७८४ मध्ये सम्राट दुसऱ्या योसेफने शेतकऱ्यांना स्वतःच्या द्राक्षांची वाइन स्वतःच्या घरी विकण्याची मुभा दिली; त्यातून ‘होयरिगर’ नावाच्या अंगणातल्या वाइनघरांची परंपरा वाढली. ही घरे वर्षभर उघडी नसतात. आज या शेतकऱ्याकडे, दोन आठवड्यांनी त्या शेतकऱ्याकडे, अशी पाळी असते. ज्याचे उघडे असेल त्याच्या दारावर हिरव्या फांदीचा झुबका टांगलेला दिसतो. गावात त्यांच्या तारखांचे पत्रक मिळते. मुक्काम ठरवताना ते मागून घ्यावे आणि ज्या घराची पाळी असेल त्याच्या चालत जाण्याइतक्या अंतरावर खोली घ्यावी. ‘चालत’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. ऑस्ट्रियाचा कायदा सायकलस्वाराला रक्तात हजारी ०.८ इतक्या मद्यापर्यंत सवलत देतो, मोटारचालकाला ०.५. सत्तरीजवळचा तोल इतका उदार नसतो. सायकल कुलूपबंद झाल्यावर आणि पोटात ब्रेड गेल्यावरच पेला, त्याआधी नाही. नदीपलीकडे दक्षिण तीरावर खोली स्वस्त मिळते, तथापि मेल्क व क्रेम्स यांच्या दरम्यान पूल नाही. श्पित्झ, वाइसेनकिर्खेन आणि ड्यूर्नश्टाइन येथून तर जातात, परंतु त्या रात्रभर चालत नाहीत.

माप नीट समजून घ्यावे. ‘आख्टर्ल’ म्हणजे लिटरचा आठवा भाग, १२५ मिलिलिटर. ‘फिअर्टल’ त्याच्या दुप्पट. आपण आख्टर्लच मागावे आणि एकच. येथील पांढऱ्या वाइनला तीन दर्जे आहेत. ‘श्टाइनफेडर’ सर्वांत हलकी, मद्यांश ११.५ टक्क्यांपर्यंत, ‘फेडरश्पील’ त्यावर १२.५ पर्यंत, आणि हिरव्या सरड्याच्या नावावरून पडलेली ‘स्मारागड’ किमान १२.५ टक्क्यांची. पाहुण्याला स्मारागड अगत्याने सुचवली जाते. आपण श्टाइनफेडर मागावी. ग्रूनर व्हेल्टलिनर द्राक्षाची ही वाइन चवीला कोरडी आणि किंचित मिरमिरीत असते. सप्टेंबरअखेरीस ‘श्टुर्म’ नावाचे अर्धवट आंबलेले, गढूळ, गोड पेय येते. ते सरबतासारखे उतरते आणि तासाभराने आपले खरे रूप दाखवते. मधुमेह्यांनी ते दुसऱ्यांच्या पेल्यात पाहावे. द्राक्षरस सोड्यासह सर्वत्र मिळतो आणि तो मागणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नाही. वाइन घेतलेल्या रात्री झोपण्यापूर्वी साखर मोजावी, आणि ती खाली असेल तर ब्रेडचा तुकडा खाऊनच दिवा मालवावा. उतार पहाटे येतो.

पत्नी गेलेल्या माणसाचे जेवण कसे होते, हे मी स्वतःवरून जाणतो. घरी आपण उभ्याउभ्या, भांड्यातूनच खातो. परमुलखात एकट्यासाठी मांडलेल्या मेजावर बसणे तर त्याहून अवघड, म्हणून माणूस खोलीत बिस्किटे खाऊन झोपतो, आणि साखर उतरण्याची खरी मुहूर्तमेढ तेथे होते. होयरिगरमध्ये लांब लाकडी बाक असतात. जागा असेल तेथे अनोळखी माणसांशेजारी बसण्याची रीत आहे. काळा ब्रेड, त्यावर लाल मिरपूड घातलेले ताज्या चीजचे ‘लिप्टाउअर’ आणि उकडलेले अंडे, एवढे मी पाऊण तास खात बसलो होतो. समोरच्या वृद्ध जोडप्याला माझी भाषा येत नव्हती आणि मला त्यांची. तरी उठताना त्यांनी माझ्या ताटातला उरलेला ब्रेड माझ्याकडे सरकवला आणि तो संपेपर्यंत ते थांबले.

आता सूनबाई, तुमच्यासाठी. सासऱ्यांना ‘जाऊ नका’ म्हणण्याऐवजी मुक्कामांचे पान मागा. दहा ओळी असतील: तारीख, गाव, घराचे नाव, फोन क्रमांक, जेवण कोठे आणि त्या गावचा बंद वार. ज्या तारखेची एखादी जागा रिकामी असेल त्या तारखेवर बोट ठेवा आणि भरून घ्या; हा हक्क तुमचा आहे. मी माझ्या मुलीला त्या रविवारची गोष्ट चार दिवस सांगितली नव्हती. सांगितली तेव्हा ती रागावली ती साखर उतरली म्हणून नव्हे. सकाळी दहा वाजता रद्द केलेल्या मुक्कामाची खबर तिला नव्हती, तिच्याजवळच्या कागदावर मी भलत्याच गावात झोपलेलो होतो. तिचा राग योग्य होता. तेव्हा मुक्काम बदलला तर आधी घरी कळवायचे आणि मगच पायडल मारायचे, एवढी अट त्यांच्याकडून लिहून घ्या.

फोन किती वेळा करावा, असे तुम्ही विचारले नाहीत, पण विचाराल. एकदा पुरे. सप्टेंबरात ऑस्ट्रियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. त्यांनी तेथील संध्याकाळी सहाला, सायकल ठेवल्यावर आणि जेवणापूर्वी फोन करावा. आपल्याकडे साडेनऊ वाजलेले असतील. साडेदहापर्यंत आला नाही तर त्यांना नव्हे, आधी त्या रात्रीच्या घरमालकांना फोन लावा आणि खोलीचे दार वाजवायला सांगा. जर्मन येत नसले तरी चालेल. नाव, खोली आणि ‘डायबेटिस’ हे तीन शब्द त्यांना कळतात.